मागच्या दोन पेट्या

८ ऑगस्ट ८२, रविवार

पाऊस. कौलांवर असा बडवतोय की रेकॉर्ड लावण्यात अर्थ नाही. तरी लावली.

स्पीकरच्या मागच्या दोन पेट्या आज जोडल्या. अॅम्प्लिफायरच्या दोन्ही लाल टोकांतून एकेक वायर मागे नेली, काळी टोकं एकमेकींत बांधून टाकली. मासिकातल्या आकृतीत होतं तसं. पुढच्या दोन पेट्यांत जो फरक असेल तेवढाच मागे वाजतो. रेडिओ लावला तर मागे काहीच नाही, कारण रेडिओ दोन्हीकडे एकच बोलतो, त्यात फरक कसला? खरी स्टीरिओ रेकॉर्ड हवी. फर्नांडिस पुढच्या रविवारी आणतो म्हणाला. पलटणीच्या बँडमधून रिटायर झालेला माणूस, कॅम्पात एकटा राहतो, आणि कान असे की कुलूप उघडल्याच्या आवाजावरून किल्ली ओळखेल.

खोली मधली. पुढच्या दोन आप्पांच्या दाराच्या दोन बाजूंना, मागच्या दोन परसदाराच्या दोन बाजूंना. चार भिंतींना चार दारं असतात तसं हे घर, पेट्या दुसरीकडे ठेवणार कुठे! सु. म्हणाली, "दोन माणसांच्या घरात चार पेट्या." म्हटलं, तीन माणसं.

आप्पा पुढच्या खोलीत. डोळ्यांचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले, काही दिसत नाही, आता दिसणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय.

११ ऑगस्ट

आप्पा संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत हे सु. च्या लक्षात आलं. माझ्या नाही. परसातल्या संडासाला जायला मधली खोली ओलांडावी लागते, आणि सु. ने मनगट धरून नेलेलं त्यांना सोसत नाही. सून. म्हणून पाणीच नको. मी फॅक्टरीत असतो तेव्हा दिवसभर एक तांब्या.

रात्री जेवताना हळूच म्हणाले, "वसू, मला उचगावला सोड."

म्हटलं, तिथं कोण आहे दिवसा? अण्णा आणि वहिनी उजाडल्यापासून शेतात. थोरल्या भावाची चूक नाही, भात कोण बघणार? इथं निदान सु. असते.

"तितं मला घर म्हाईत हाय रं."

माहीत होतं, दिसत होतं तेव्हा. तिथं दोन महिने काढले त्यांनी, बाजेवरून उठले नाहीत. ते मी बोललो नाही. त्यांनी इथंच राहावं असं मला मनापासून वाटतं. निव्वळ कर्तव्य म्हणून नाही. मला आवडतं ते घरात असलेले.

१५ ऑगस्ट

फर्नांडिस आला, छत्रीत गुंडाळून रेकॉर्ड घेऊन. ब्रास बँड, उघड्या मैदानात वाजवलेला. पहिल्याच ठोक्याला मागच्या पेट्या बोलल्या. टाळ्या मागून, मैदानाचा घुमारा मागून, बँड पुढे. मी खुर्चीत बसल्या बसल्या हसायलाच लागलो. फ. ने बोट वर केलं: थांब, ऐक.

मग त्याचं नेहमीचं. "पीछेवाला जरा कमी. और दिवारसे थोडा बाहर." वीतभर इकडे, बोटभर तिकडे. सु. चहा देताना खुर्चीला अडखळली आणि माझ्याकडे बघितलं.

आप्पांनी आतून विचारलं, "मागं कोण वाजवालंय?"

म्हटलं, पेट्याच आहेत आप्पा, मागे पण दोन.

"परसदारापाशी?"

व्हय.

"बरं."

१९ ऑगस्ट

गंमतच. सकाळी मी डबा भरून निघतोय आणि आप्पा सु. ला सांगतायत, "ती मागनं बी बोलत्याली तबकडी लाव गं." बँडची! जन्मभर ढोल आणि लेझीम यापलीकडे ज्यांनी काही ऐकलं नाही. सु. ला रेकॉर्डवर सुई ठेवायला शिकवून ठेवलंय ते कामाला आलं. मच्छ्याला फॅक्टरीत जाताना बसमध्ये मी एकटाच हसत होतो.

२४ ऑगस्ट

परवा गणपती पुढच्या खोलीत बसवला, आप्पांच्या पायथ्याशी. सु. ला मधली खोली हवी होती. थोडं वाजलं आमचं. मी म्हटलं मूर्तीची जागा दरवर्षी बदलली तरी चालते, पेट्यांची नाही. हे बोलून झाल्यावर मलाच कसंतरी वाटलं. पण मूर्ती पुढेच राहिली.

आप्पा रोज दोन-तीनदा बँड लावायला सांगतात. शेजारच्या काकी विचारत होत्या, कुणाची वरात?

४ सप्टेंबर

फ. ला सांगितलं, आमच्या म्हाताऱ्याला तुमच्या बँडची गोडी लागली. तो हरखला. "फार्मर लोगका कान अच्छा होता है." दुसरी रेकॉर्ड देऊ का म्हणाला. दिली. आप्पांना आवडली नाही. "ही मागं लई बारीक बोलत्या. ती पयलीच बरी." बघा! मागच्या पेट्यांचा समतोल म्हाताऱ्याला कळतो. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू.

आज परत आलो तर आप्पा परसात, दगडावर उन्हाला बसलेले. शेजारी पाण्याचा तांब्या. रिकामा. सु. स्वयंपाकघरात. तिनेच आणून बसवलं असेल. चेहरा जरा वर आलाय त्यांचा. उचगावचं नाव पंधरा दिवसांत काढलं नाही.

१२ सप्टेंबर, रविवार

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

फ. नव्या मासिकातला लेख घेऊन आला. मागच्या पेट्या मागे नकोतच, ऐकणाऱ्याच्या दोन बाजूंना हव्यात, जरा वर, तोंड एकमेकींकडे. एक हलवून स्वयंपाकघराच्या दाराशेजारी स्टुलावर ठेवली, एक समोरच्या भिंतीला कपाटावर. दोन तास गेले. पाऊस नाही, कौलं गप्प, सगळं जुळून आलं.

सुई टेकवली. डोळे मिटले आणि भिंती गेल्या. खोलीच नाही. हवा. कुठली पेटी वाजतेय ते सांगता येईना. फ. ने टोपी काढून मांडीवर ठेवली. रेकॉर्ड संपली तरी दोघं तसेच. "हां," म्हणाला. एवढंच. हा माणूस 'हां' म्हणाला!

सात वर्षं याच्यासाठी धडपडलो. मिळालं.

१३ सप्टेंबर

फॅक्टरीत निरोप. आप्पा पडले.

सकाळी बँड लावला होता. स्वयंपाकघराची पायरी खाली आहे, तिथून कोसळले. उजवं मनगट मोडलं, कपाळाला खोक. हाड बसवलं, प्लास्टर घातलं. रिक्षातून उतरताना मी धरलं तर धरू दिलं. ते जास्त लागलं मला.

स्वयंपाकघराकडे का गेले असतील? तिकडे ते कधी जात नाहीत.

१४ सप्टेंबर

रजा टाकली. सु. ने सांगितलं. म्हणजे मी विचारलं, एकटे कसे काय उठले, आणि ती बघतच राहिली माझ्याकडे.

"अहो, महिना झाला एकटेच जात्यात की. तुमच्या पेट्या धरून."

धरून म्हणजे?

"मागच्या दोन पेट्यांच्या मधनं. आवाज दोन्ही कानाला सारखा ठेवायचा आणि नाकासमोर चालायचं, की परसदार. येताना पुढच्या दोघींच्या मधनं, की त्यांची खोली. म्हणून तर बँड लागतोय. बाकीच्या मागं नीट बोलत न्हाईत. मला वाटलं तुम्हाला म्हाईत हाय. तुम्ही दोघांनी मिळूनच लावलंय असं वाटलं मला."

आम्ही दोघांनी मिळून.

मी रविवारी एक पेटी स्वयंपाकघराच्या दाराशी नेली. ते तिच्या आवाजावर गेले. आणि मी समजत होतो म्हाताऱ्याला बँड आवडतो.

संध्याकाळी आप्पांजवळ बसलो. त्यांना म्हटलं, मला सांगायचं की हो.

"काय सांगायचं? तुजी ऐकायची वस्तू. मी जाता-येता वापरत हुतो."

थोड्या वेळाने, "मला उचगावला सोड वसू."

१७ सप्टेंबर

पेट्या परत परसदारापाशी ठेवल्या. पण आधीची जागा नेमकी कुठली? फरशीवर खडूच्या खुणा होत्या, सु. ने कधीच पुसून काढल्या, सणाच्या तोंडावर. अंदाजाने ठेवल्या. बँड लावला. आप्पा बाजेवर. "चला, मी मागं हाय," म्हटलं. उठले नाहीत.

"एकदा चकलेली वाट, पाय टाकवत न्हाय."

पाणी परत बंद. सु. ताक करून देते, ते घोटभर घेतात. मला त्या पेट्यांकडे बघवत नाही. फ. येऊन गेला, त्याला काही सांगितलं नाही, बरं नाही म्हटलं.

२६ सप्टेंबर

अण्णा आला, रताळ्याचं पोतं बाजारात टाकून. आप्पांचा हात बघून खाली मान घालून बसला. जाताना दारात म्हणाला, "वसू, न्हेतो खरं ठेवू कुटं? वरच्या रानात काम लई हाय. बाजंवर बसवून जावं लागंल दिवसभर." म्हटलं, नको, राहू दे इथंच. बाजेवर तर ते इथेही बसलेत, हे त्याला दिसत होतंच.

३ ऑक्टोबर

वायरिंग बदललं. मागच्या पेट्यांना काळी टोकंसुद्धा जोडली, आता रेडिओसुद्धा चारी पेट्यांत सारखा वाजतो. संगीताच्या दृष्टीने अगदी गाढवपणा. रेडिओवर सांगली केंद्र लावलं, शेतीचा कार्यक्रम चालू होता.

आप्पांना दारापर्यंत आणून खुर्चीत बसवलं. विचारलं, उजवी कुठं ठेवू? उत्तर नाही. इथं? नाही. मग मुद्दाम नेऊन मोरीच्या कोपऱ्यात ठेवली, पार तिकडं. बसलो. पाच मिनिटं तो माणूस बटाट्याच्या करप्यावर बोलत होता आणि आप्पा चुळबुळ करत होते.

"तितं न्हवं रं!"

मग कुठं?

"हिकडं घे. आनि. आनि थोडं. आता भितीला टेकव. डावी बी तशीच. आरं, तोंड माज्याकडं कर की तिचं!"

फर्नांडिसपेक्षा कडक. तासभर मला नाचवलं. सु. पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी उठले, प्लास्टरचा हात छातीशी धरून. चालले. मधे थांबले, मान थोडी डावीकडे, मग सरळ. परसदाराच्या चौकटीला डावा हात लागला.

मी रडलो. सु. ने बघितलं. बघू दे.

४ ऑक्टोबर

चारी पेट्यांखाली लाकडी ठोकळे ठोकून टाकले, फरशीत स्क्रू मारून. घरमालक बोलला तर बोलू दे.

१२ ऑक्टोबर

सु. ने सांगितलेलं. दुपारी करंट गेला, आप्पा बरोबर खोलीच्या मध्यावर. ती धावली तर म्हणाले, "तू ऱ्हा बाजूला. करंट आलं की जातो." उभे राहिले. ती बिचारी पण उभी राहिली, लांब. सासरा-सून दोघं अर्धा तास रताळ्याच्या भाजीत गूळ किती यावर बोलत होते. करंट आला तेव्हा, "चला," म्हणून निघाले.

एक बॅटरीचा ट्रान्झिस्टर आणायला हवा.

१७ ऑक्टोबर, रविवार

फ. ला आज खरं सांगितलं. पेट्या दाखवल्या. तो खुर्चीत बसला, बँड लावला. अर्ध्यात हात वर केला. "ये तो स्टेशन हो गया यार. चारो तरफसे अनाउन्समेंट." मग आप्पा बाहेर आले, त्याच्या खुर्चीला वळसा घालून परसात गेले, परत आले, दोघींच्या मधून नीट आपल्या दारात. फ. ने सुई उचलली. जाताना रेकॉर्ड ठेवून गेला.

पण मला सप्टेंबरच्या त्या बारा तारखेची आठवण येते. कुणाला सांगणार? बापाची वाट आणि बँडचं मैदान यांत निवडायचंच नव्हतं, ते कुणालाही कळतं. तरी वाईट वाटतं. वाटतंच.

२७ ऑक्टोबर, दसरा

प्लास्टर गेल्या आठवड्यात काढलं. हात बारीक दिसतो. अण्णा सोनं द्यायला आला. आप्पा त्याला स्वतः परसात घेऊन गेले, पेरू दाखवायला. पेरू त्यांनी कधी बघितलेलाच नाही, आम्ही हे घर भाड्याने घेतलं तेव्हा डोळे गेलेले. "हितं हाय बघ," म्हणून बरोबर फांदीला हात.

अण्णा म्हणाला, दिवाळीला नेतो, भात कापणीपर्यंत. आप्पा लगेच व्हय म्हणाले. मी थोडे आढेवेढे घेतले. "यील की रं परत," अण्णा.

७ नोव्हेंबर

गेले. नवा ट्रान्झिस्टर बरोबर दिला, खिशात मावेल एवढा. सु. ने लाडू बांधून दिले. बसमध्ये खिडकीशी बसले आणि माझ्या बाजूला न बघता हात वर केला, थोडा चुकीच्या दिशेने.

१४ नोव्हेंबर

फ. आला होता. ठोकळ्यांचे स्क्रू काढले, मागच्या पेट्या स्टुलावर आणि कपाटावर, वायर पहिल्यासारखी. बँड लावला. भिंती परत गेल्या. दोन तास सुखात होतो. तो गेल्यावर सगळं परत ठोकळ्यावर ठेवून स्क्रू पिळले. सु. म्हणाली, "घरात कोण न्हाई की." म्हटलं, असू दे.

२८ नोव्हेंबर

अण्णा आला. कापणी झाली. एकटाच.

"आप्पा लई खूष हायत," म्हणाला. ट्रान्झिस्टर गोठ्याच्या मेढीला टांगून घेतलाय. त्याच्याकडे चालत मोरीपर्यंत जातात, एकटे. सकाळी सगळे शेतात गेले की दिवसभर घरात एकटे, काही नडत नाही. फक्त परत येताना अंदाज चुकतो. एकाच्या आवाजावर भागत नाही, अंगणातच फिरत राहतात.

"त्यांनी सांगितलंय, वसूला म्हणावं, दोन पेट्या दे. तुज्याकडं चार हायत."

चहा गार झाला माझा.

अण्णा गेल्यावर सु. म्हणाली, "दिल्या तर ते कशाला येतील परत?" मी म्हटलं, आणि न दिल्या तर? ती म्हणाली, "न दिल्या तर येतील. बाजेवर बसायला." मग आम्ही भाकरी खाल्ली.

५ डिसेंबर, रविवार

मागच्या दोन नेल्या. जुना छोटा अॅम्प्लिफायरपण, ट्रान्झिस्टरला जोडायला. पोत्यात घालून दोरीने बांधल्या. कंडक्टरने "एन्री इदु?", हे काय, म्हणून कानडीत हटकलं, पेट्या म्हटल्यावर टपावर टाकायला सांगितलं, मी टाकल्या नाहीत, मांडीवर घेऊन बसलो.

आप्पा ओट्यावर वाट बघत. हात लावून पेट्या तपासल्या, जाळी, कडा. मग सुरू. "हिकडं. आनि." वहिनी भाकऱ्या टाकायच्या सोडून बघायला आल्या. एक दाराशी ओट्यावर, एक तुळशीच्या पलीकडे वळचणीला. मी म्हटलं पावसाळ्यात भिजेल. "पावसाळ्याचं पावसाळ्यात बघू."

लावलं. उठले. गोठ्यापर्यंत गेले, मोरीपर्यंत गेले, परत आले आणि ओट्याची पायरी न चाचपडता चढले. शर्टाच्या बाहीने घाम पुसला. मी हात पुढे केला नव्हता. करायची गरजच नव्हती.

जेवायला बसलो तेव्हा म्हणाले, "माज्या दारापाशी दोन हुत्या त्या?"

आहेत आप्पा. तिथंच.

"ठोकळ्यावर?"

ठोकळ्यावर.

"असूं देत. हलवू नको."

घरी आलो. फ. दारात बसलेला, नवी रेकॉर्ड घेऊन. म्हणाला, मागच्या दोन गेल्या तर आता पुढच्या दोन नीट लावू, भिंतीपासून बाहेर, खुर्ची पुढे घेऊ. बरोबर आहे त्याचं. दाराला चिकटून त्या कधीच चांगल्या वाजणार नाहीत. म्हटलं, नको, त्या हलवायच्या नाहीत. त्याने टोपी घातली, तरी तशीच रेकॉर्ड ऐकून गेला.

सु. ला सगळं सांगितलं. ती आप्पांच्या खोलीतली गादी उन्हातून आणत होती. तिने विचारलं, "हलवू नको म्हणाले, म्हणजे येणार की काय?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"विचारायचं न्हाई का तिथंच?"

नाही विचारलं.